क्षमा आणि निरोप

भांडण मिटले की चारचौघे म्हणतात, "झाले गेले गंगेला मिळाले." म्हणजे क्षमा केलीत, आता पुढे चला. या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो. पण त्या एकच आहेत काय? 'रोलिंग स्टोन्स' या इंग्रज रॉक बँडच्या 'वाइल्ड हॉर्सेस' या गाण्याने मला हा प्रश्न पाडला.

डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात, मसल शोल्सच्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झाले आणि १९७१ साली 'स्टिकी फिंगर्स' या तबकडीत आले. चाल व ध्रुपदाची कल्पना कीथ रिचर्ड्सची, कडवी मिक जॅगरची. अमेरिकन खेड्यापाड्यांतील 'कंट्री' गायनाचा संस्कार त्यावर स्पष्ट आहे. मात्र त्याच तबकडीतील 'डेड फ्लॉवर्स'मध्ये जॅगर कंट्रीचा हेल थट्टेने काढतो, तसे तो येथे करीत नाही. गिटारी संथ वाजतात आणि आवाज विनवणीच्या सुरात राहतो.

गाण्यातल्या माणसाला प्रियेने दुखावले आहे. पण तिचे नाटकी निघून जाणेही त्याला कडवट करू शकत नाही. येथवर क्षमा झाली. आता त्याने वाट धरावी, अशी आपली अपेक्षा. पण शीर्षकच आडवे येते. रानघोडे जुंपले तरी न हलणे, असा तो जुना इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्याने क्षमा केली आहे आणि म्हणूनच तो जागचा हलत नाही!

हे मला पटते, कारण मी ते भोगले आहे. घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी माझा नऊ वर्षे अबोला होता. राग होता तोवर दूर राहणे सोपे गेले. गेल्या वर्षी राग सरला, लोक म्हणाले, "मास्तर, मोकळे झालात." प्रत्यक्षात त्या दिवसापासून भाऊ रोज आठवू लागला.

गाण्याचा शेवट मात्र मला दुबळा वाटतो. एकत्र जगण्याची आशा तेथे मरणापलीकडे ढकलली आहे. त्यात गोडवा आहे, पण ही पळवाट झाली. क्षमेने जागी केलेली ओढ याच जन्मी उंबरठ्यापर्यंत नेते. त्या उंबरठ्याशी गाणे थांबते. आणि खरे सांगायचे तर, अद्याप मीही.