निर्णय आणि प्रौढत्व : ‘एव्हलिन’ व ‘ए अँड पी’

कैशोर्य संपण्याचा क्षण लघुकथेच्या प्रकृतीला विशेष मानवतो. कादंबरी वाढीची वर्षे मोजते. कथा एका निर्णयापाशी थांबते आणि त्यापुढचे आयुष्य वाचकावर सोपवते. अशा कथांच्या विवेचनात एक कसोटी बहुधा गृहीत धरली जाते : बंधन तोडणारा प्रौढ झाला, मागे राहणारा अपरिपक्वच राहिला. ही कसोटी कितपत ग्राह्य आहे, हे दोन कथांच्या आधारे तपासण्याजोगे आहे. जेम्स जॉइस यांची ‘एव्हलिन’ १९०४ साली प्रथम प्रसिद्ध झाली व पुढे ‘डब्लिनर्स’ (१९१४) या संग्रहात आली. जॉन अपडाइक यांची ‘ए अँड पी’ १९६१ सालची. एव्हलिनने एकोणिसावे वर्ष ओलांडले आहे. अपडाइक यांचा सॅमीही १९ वर्षांचाच आहे.

सॅमी किराणा दुकानात गल्ल्यावर काम करतो. पोहण्याच्या पोशाखात आलेल्या तीन मुलींना व्यवस्थापक लेंगेल सर्वांदेखत टोकतो, तेव्हा सॅमी तत्काळ नोकरी सोडतो. हा निर्णय तत्त्वनिष्ठ खरा. परंतु त्या मुलींनी तो ऐकावा, ही इच्छाही त्यात मिसळलेली आहे. मुली मात्र न ऐकताच निघून जातात. कोणी पाहणारे उरलेले नसतानाही सॅमी माघार घेत नाही, आणि बाहेर आल्यावर जग आपल्याला यापुढे किती कठीण जाणार आहे, हे त्याला उमगते. त्याचे प्रौढत्व राजीनाम्याच्या उद्गारात नाही. ते या उशिरा आलेल्या जाणिवेत आहे.

एव्हलिनची स्थिती निराळी आहे. दुकानात मिळणारे सात शिलिंग ती बापाच्या हाती देते आणि घरखर्चासाठी त्याच्याकडेच पैसे मागते. दोन लहान मुलांचा सांभाळ तिच्याकडे आहे. होईल तितके दिवस घर एकत्र राखीन, असे वचन तिने मरणोन्मुख आईला दिलेले आहे. खलाशी असलेल्या फ्रँकबरोबर ब्युनोस आयर्सला जाण्याचे ठरलेले असताना धक्क्यावर तिचे हात लोखंडी कठडा घट्ट धरून राहतात. ती नकार देत नाही, निरोपही घेत नाही. येथे निर्णय घेणारी व्यक्तीच जणू नाहीशी होते. जॉइस यांनी तिचे मन खिडकीपाशी सविस्तर उघड केले आणि धक्क्यावर अखेरच्या क्षणी तिला बाहेरून दाखविले, यामागील औचित्य हेच.

तेव्हा एव्हलिन दुर्बल आणि सॅमी समर्थ असा निष्कर्ष काढावा काय? अपडाइक यांच्या कथेतील एक बारीक तपशील येथे आड येतो. सॅमी अंगावरचा एप्रन घडी करून ठेवतो, तेव्हा आत पांढरा सदरा असतो; तो आईने आदल्या रात्री इस्त्री करून दिलेला आहे. सॅमीला नोकरी सोडता येते, कारण त्याचे घर दुसरे कोणी चालवीत आहे. एव्हलिनच्या घरात ते काम करणारी आई मरण पावली असून तिची जागा एव्हलिननेच घेतली आहे. सॅमी दुकान सोडतो. एव्हलिनला ज्यावर दुसऱ्यांचे आयुष्य उभे आहे ते सोडावयाचे आहे. दोघांच्या निर्णयांना एकच माप लावणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

याचा अर्थ एव्हलिनचे मागे राहणे हा त्यागाचा विजय होय, असे नव्हे. तसा दिलासा जॉइस वाचकाला देत नाहीत. अखेरीस तिच्या मुद्रेवर प्रेमाची वा ओळखीची खूणही उरत नाही. सॅमीला आपल्या निर्णयाची किंमत कळते आणि ती मोजण्यास तो शिल्लक राहतो; एव्हलिन किंमत मोजते, पण निर्णय तिचा झालेलाच नसतो. तात्पर्य, अशा कथांचे परीक्षण करताना ‘कोणी धाडस केले?’ हा प्रश्न अपुरा आहे. निवड करण्याइतकी मोकळीक कोणाला होती आणि ती कोणाच्या श्रमावर उभी होती, हे प्रथम विचारावयास हवे. प्रौढत्वाची कथा ही बहुधा एकट्याची नसते; तिच्यामागे इस्त्री करणारे कोणीतरी असते.