अडथळा तसाच, चाल मात्र वाढली

थोडे चालले की पोटरीत गोळा येतो, उभे राहिले की थांबतो, पुन्हा चालले की परत येतो. पायाकडे रक्त नेणारी रोहिणी आतल्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्याचे हे लक्षण असू शकते. अरुंद वाट रुंद करावी, हे कुणालाही पटेल. रोहिणीत फुगा फुगवून स्टेंट, म्हणजे जाळीदार नळी, बसवण्यामागे हाच विचार आहे.

'क्लेव्हर' या अमेरिकी प्रयोगाने तो तपासला. पोटातून पायाकडे जाणारी मोठी रोहिणी अरुंद झालेल्या १११ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले. औषधे आणि घरी चालण्याचा सल्ला सर्वांनाच होता. पहिल्या गटाला एवढेच मिळाले. दुसऱ्याला स्टेंट बसवला. तिसऱ्याकडून २६ आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम करून घेतला. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा कमाल वेळ अनुक्रमे सरासरी १.२, ३.७ आणि ५.८ मिनिटांनी वाढला. घोट्याजवळचा रक्तदाब मात्र स्टेंटच्या गटातच ठळकपणे सुधारला. व्यायामाने अडथळा हटला नाही; स्नायू मिळालेला प्राणवायू अधिक चांगला वापरू लागले असावेत.

मग व्यायाम जिंकला का? आमच्या मते असे म्हणणे घाईचे ठरेल. व्यायामाच्या गटाला ज्याचा सराव दिला, त्याचीच परीक्षा घेतली. आपले चालणे आणि जगणे किती सुधारले, असे रुग्णांनाच विचारले, तेव्हा स्टेंटचा गट सरस ठरला. शिवाय १८ महिन्यांनी या दोन गटांतील फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच उरला. दोन्ही उपचार एकत्र दिलेला गट या तुलनेत नव्हता. ती उणीव २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील 'इरेज' प्रयोगाने भरून काढली. त्यात २१२ रुग्ण होते, आणि नुसत्या व्यायामापेक्षा दोन्ही मिळून केलेले उपचार वर्षअखेर सरस ठरले.

आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो पहिला गट. 'चालत जा' हा सल्ला त्यालाही होता, तरी लाभ जेमतेम सव्वा मिनिटाचा. म्हणजे उपचार आहे तो ठरवून, मोजून, कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेल्या चालण्यात. चिठ्ठीवर 'रोज चाला' असे लिहून तो होत नाही. स्टेंटची सोय जिथे होते, तिथे अशा व्यायामवर्गाचीही व्हायला हवी.

हे सारे चालताना दुखणाऱ्या पायांपुरतेच खरे. बसल्या जागी पाय दुखत असेल किंवा जखम भरत नसेल, तर व्यायामावर विसंबून न राहता तातडीने डॉक्टरांकडे जावे.