‘पत्रास कारण की’च्या पुढे

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या काळात गूगलने आपल्या ‘जेमिनी’ या कृत्रिम प्रज्ञेची एक जाहिरात अमेरिकेत दाखवली. तिचे नाव ‘डिअर सिडनी’. एक लहान मुलगी अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन हिची चाहती आहे आणि तिला सिडनीला पत्र पाठवायचे आहे. वडील म्हणतात, शब्द मलाही बरे जमतात, पण हे पत्र अगदी नेमके उतरायला हवे. मग ते यंत्राला सूचना देतात. सिडनीमुळे माझ्या मुलीला किती प्रेरणा मिळते ते सांगणारे पत्र लिहायला तिला मदत कर. एक दिवस ती सिडनीचा विश्वविक्रम मोडणार आहे, हे सांगायला विसरू नकोस. आणि त्याबद्दल ती माफी मागते, म्हणजे खरे तर मागत नाही! जाहिरातीवर इतकी टीका झाली, की ऑगस्टच्या सुरुवातीला गूगलने ती ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणातून काढून घेतली.

टीकेचा सूर एकच होता: पोरीला स्वतः लिहू द्या. तो योग्यच आहे, पण त्यात जाहिरातीचा मजकूर नीट वाचलेला नाही. यंत्राला दिलेली सूचना पुन्हा वाचावी. तिच्यात आदर आहे, महत्त्वाकांक्षा आहे आणि शेवटी तो खट्याळपणा आहे. पत्रातला सारा ऐवज यंत्र सुरू होण्याआधीच तयार होता. त्याला सुधारणेची गरज आहे, असे बापाला का वाटले, हा या जाहिरातीतला खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधताना ‘उसने शब्द म्हणजे खोटे शब्द’ असा सोपा निकाल देणे मराठी वाचकाला तरी शोभणार नाही. आपली पत्रे उसन्या शब्दांनीच सुरू होत. तीर्थरूपांना शिरसाष्टांग नमस्कार, सप्रेम नमस्कार विनंती विशेष, येथील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे. मायना कोणी स्वतः रचत नसे. बापाशी कितीही अबोला असला तरी साष्टांग नमस्कार घातला जाई आणि त्याला कोणी दांभिकपणा म्हणत नसे. कारण तो साचा सर्वांचा आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. लिहिणाऱ्याचे स्वतःचे असे जे काही, ते ‘पत्रास कारण की’च्या पुढे सुरू होई. साचा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, ती सीमा स्पष्ट होती.

दुसऱ्याच्या हातून पत्र लिहून घेणेही आपल्याला नवे नाही. मुंबईच्या जीपीओसमोर पत्रलेखक बसत. ज्यांना लिहिता येत नसे असे कामगार त्यांच्यापुढे बसून घरचा मजकूर सांगत, मनीऑर्डरचा फॉर्म भरून घेत. गावी पत्र कोणी तरी वाचून दाखवी. अक्षर परके, वाचणारा आवाजही परका. तरी पत्र नवऱ्याचेच आहे याविषयी बायकोला शंका नसे. पत्रलेखक साक्षर नसलेल्याला अक्षर देत होता. आजचे यंत्र ज्याला लिहिता येते त्याच्याही मदतीला न बोलावता येते आणि त्याचे वाक्य बदलू का, म्हणून विचारते.

हे यंत्र आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, तेही पाहण्यासारखे आहे. छातीवर लावायचा ‘ह्युमेन’ कंपनीचा एआय पिन २०२४ मध्ये ६९९ डॉलरला बाजारात आला. तो फोनची जागा घेईल अशी हवा होती. फेब्रुवारी २०२५ अखेर त्याची सेवाच बंद झाली. गाजावाजा करून आलेले उपकरण गेले. टंकफलकाच्या वर गुपचूप बसलेली सुचवणी मात्र टिकली. गूगलने २०१५ मध्ये ईमेलला तयार उत्तरे सुचवणारी सोय आणली. तिच्या सुरुवातीच्या नमुन्यात एक गमतीचा दोष होता: कोणत्याही पत्राला ते यंत्र ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे उत्तर वरचेवर सुचवी. हे वाक्य लोक सर्रास लिहितात, म्हणून कुठेही खपेल, असा त्याचा हिशेब. संशोधकांनी तो दोष काढला. पण जे बहुतेकांनी लिहिले तेच तूही लिही, हे तत्त्व आजच्या यंत्रांतही बऱ्याच अंशी कायम आहे.

कामाच्या जागी हे तत्त्व उपयोगी पडते. एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये मांडला. उत्तरे सुचवणारे यंत्र हाताशी आल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. सर्वाधिक फायदा नवख्यांना झाला. मुरलेल्यांना फारसा नाही. तिथे उसन्या शब्दांचे कोणाला वाईट वाटत नाही, कारण ग्राहकाला तक्रार सुटायला हवी असते. पत्रात मात्र समोरच्याला माणूस हवा असतो. अडचण ही, की दोन्ही मजकूर आपण एकाच पडद्यावर लिहितो आणि सुचवणारे यंत्र दोहोंत भेद करत नाही.

कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांच्या २०२३ च्या प्रयोगात याचे दोन्ही पदर दिसतात. सुचवलेली उत्तरे वापरल्यावर संभाषण वेगवान झाले, भाषा अधिक गोड झाली आणि समोरच्याला जवळीकही वाटली. पण जिथे समोरचा यंत्राचे शब्द वापरतो आहे असा नुसता संशय आला, तिथे त्याच्याविषयीचे मत खालावले. मग त्याने ते वापरलेले असोत वा नसोत. मायन्याची गोष्ट इथे उलटी झाली. साचा कुठे संपतो हेच कळेनासे झाल्यामुळे आता सगळेच साच्यातले वाटू लागते.

हा संशय मी स्वतः बाळगला आहे. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा शाळेतल्या एका मित्राचा संदेश आला. चार सुबक वाक्ये: ‘त्यांच्या मायाळू स्वभावाची आठवण सदैव आपल्यासोबत राहील.’ ज्याने आयुष्यात दोन ओळी धड लिहिल्या नाहीत त्याची ही भाषा नव्हे, हे लगेच कळले. मी उत्तर दिले नाही. दोन महिन्यांनी त्याची मुलगी भेटली. बाबांचा हात आता थरथरतो, म्हणाली, म्हणून ते फोनला तोंडी सांगतात. त्या दिवशी बोलून झाल्यावर फोनने ‘सुधारून देऊ का’ असे विचारले आणि त्यांनी हो म्हटले. मुळात काय सांगितले होते, ते तिला आठवत होते: ‘मॅट्रिकच्या पेपराला तुझ्या आईने तुझ्या हातावर दही-साखर घातली, तशी माझ्याही घातली.’

ती दही-साखर ‘मायाळू स्वभाव’ या दोन शब्दांत विरून गेली होती. व्याकरणाच्या दृष्टीने त्या संदेशात एकही चूक नव्हती.

ही झीज फक्त भावनेची नाही. कॉर्नेलच्याच संशोधकांनी २०२५ मध्ये भारतीय आणि अमेरिकी मिळून ११८ जणांना काही मजकूर लिहायला दिला. यंत्राच्या सुचवण्या घेताना भारतीयांचे लेखन अमेरिकी वळणाकडे झुकले. आवडता पदार्थ विचारला तर पिझ्झा सुचवला जाई, सण विचारला तर नाताळ. भारतीयांना त्या सुचवण्या वारंवार दुरुस्त कराव्या लागल्या, त्यामुळे त्यांचा फायदाही कमी झाला. ‘बहुतेक जण काय लिहितात’ याच्या हिशेबात दही-साखर मुळातच मोजली गेलेली नाही.

म्हणून यंत्र वापरावे की वापरू नये, या वादाला मी फारसे महत्त्व देत नाही. थरथरत्या हाताला ऐकून लिहून घेणारे यंत्र हे जीपीओसमोरच्या पत्रलेखकाचेच वारस आहे; त्याला नाके मुरडणे हा धडधाकट माणसाचा उद्दामपणा ठरेल. आक्षेप त्यानंतरच्या प्रश्नाला आहे, ‘सुधारून देऊ का’ याला. कारण त्यात एक निर्णय आधीच गृहीत आहे: तुमचे जे आहे ते पुरेसे नाही.

मी मित्राला भेटून माफी मागितली. पुढच्या वेळी सुधारायला देऊ नकोस, एवढेच सांगितले. त्याचे संदेश आता येतात ते विस्कळीत, विरामचिन्हांशिवाय, मधेच मुलीला मारलेल्या हाकेसकट.

‘डिअर सिडनी’तल्या बापाने यंत्राला दिलेली सूचना जशीच्या तशी कागदावर उतरवून पाठवायला हवी होती. जाहिरात करणाऱ्यांनी एक चांगले पत्र लिहिले होते. ते पत्र आहे, हे त्यांना ओळखता आले नाही.