जोडलेला डेटा ठेवायचा कुठे? ग्रंथालयांच्या एका निवडीची चिकित्सा

लिंक्ड डेटा म्हणजे काय, हे मागच्या व्याख्यानात झालं. आजचा प्रश्न व्यवहाराचा: ग्रंथालयाने त्यासाठी कोणतं डेटाबेस सॉफ्टवेअर घ्यावं? यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. काम आहे. या निवडीत पहिला घोटाळा संगणकात होत नाही, अनुमानात होतो.

अनुमान असं. लिंक्ड डेटा आरडीएफमध्ये लिहितात आणि तिथलं प्रत्येक विधान तीन पदांचं असतं. उदाहरणार्थ, 'गोस्टा बर्लिंग' ही कादंबरी, लेखिका, सेल्मा लागरलॉफ. अशा विधानांचं जाळं होतं. डेटा जाळ्याचा, म्हणून डेटाबेसही जाळ्याचाच हवा, म्हणजे ट्रिपल स्टोअर हवं. मला यातलं 'म्हणून' मान्य नाही. विधानाचा आकार वेगळा आणि ते साठवण्याची सोय वेगळी. मजकूर प्रेमाचा आहे म्हणून पाकीट गुलाबीच लागतं असं नाही!

स्वीडनचं राष्ट्रीय ग्रंथालय पाहा. त्यांनी २०१८ मध्ये लिब्रिस ही आपली देशभराची संयुक्त तालिका जुन्या मार्क पद्धतीवरून लिंक्ड डेटावर आणली. एवढं धाडस करणाऱ्यांनी मूळ नोंदी ठेवल्या कशात? पोस्टग्रेसमध्ये. साधा, जुना, तक्त्यांचा डेटाबेस. प्रत्येक नोंद जेसॉन-एलडी या रूपात, अखंड. शोधासाठी इलॅस्टिकसर्च. स्पार्कलमध्ये प्रश्न विचारणाऱ्यांसाठी त्रिपदांची प्रत निराळी.

हे मागासलेपण वाटेल, पण मला यात ग्रंथपालाच्या कामाची खरी समज दिसते. ग्रंथपाल काय करतो? तो सुटी त्रिपदं संपादित करत नाही. तो एक नोंद उघडतो, दुरुस्त करतो, जपून ठेवतो. आधी काय होतं, कोणी बदललं, कधी बदललं, हे त्याला लागतं. इथे मला आपले नैयायिक आठवतात. शब्दप्रमाणात वाक्य एकटं पुरत नाही. ते उच्चारणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, आहे का हे पाहावं लागतं. तालिकेतली नोंद हे शब्दप्रमाणच आहे. हे पुस्तक या लेखिकेचं, असं कोणीतरी जबाबदारीने सांगितलेलं असतं. नुसत्या त्रिपदात वक्त्याला जागाच नाही. ती करता येते, त्यासाठी नामांकित ग्राफ वगैरे युक्त्या आहेत, पण ती मुद्दाम करावी लागते. अखंड नोंदीत वक्ता, तारीख आणि विधान एकत्र नांदतात. मोडून विखुरलेलं पुन्हा जुळवत बसण्यापेक्षा हे बरं.

आता विकिडेटा. अनेक ग्रंथालयं आपल्या लेखकनोंदी त्याला जोडतात, म्हणून हा आपल्या घरचाच विषय. त्याच्या प्रश्नसेवेमागे २०१५ पासून ब्लेझग्राफ नावाचं ट्रिपल स्टोअर आहे. पुढे ते घडवणारी मंडळी अ‍ॅमेझॉनकडे गेली आणि त्या सॉफ्टवेअरचा विकास जवळजवळ थांबला. इकडे त्रिपदं वाढत १० अब्जांच्या पलीकडे गेली. एका यंत्राला ओझं पेलेना. शेवटी २०२५ मध्ये संशोधनलेखांचा भाग तोडून वेगळा ठेवावा लागला. तरी विकिडेटा बुडालं नाही. का? कारण मूळ नोंदी ब्लेझग्राफमध्ये नव्हत्याच. त्या मारियाडीबीमध्ये, जेसॉनच्या रूपात होत्या आणि आहेत. ब्लेझग्राफमध्ये होती ती प्रत. प्रत पुन्हा काढता येते. त्रास झाला, वर्षं गेली, पण मूळ शाबूत राहिलं.

याचा अर्थ ट्रिपल स्टोअर निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. लागरलॉफच्या कादंबऱ्यांचे अनुवाद कोणी केले, त्या अनुवादकांनी आणखी कोणाची पुस्तकं आणली, ती कोणकोणत्या भाषांत गेली, असा उड्या मारत जाणारा, आधी न ठरवलेला प्रश्न विचारायचा असेल तर तक्त्यांचा डेटाबेस रडकुंडीला येतो. तिथे व्हर्च्युओसो घ्या, अपाची जेना घ्या. पण असा प्रश्न तुमच्या ग्रंथालयात वर्षातून किती वेळा विचारला जातो, ते आधी मोजा. बहुतेक वाचक नाव टाइप करतात आणि पुस्तक मागतात, एवढंच.

विक्रेत्यांचे तुलनातक्ते मी पाहतो तेव्हा त्यात वेगाचा रकाना ठळक असतो: सेकंदाला किती प्रश्न, वगैरे. पण मूळ कुठे आणि प्रत कुठे, हा रकाना मला आजवर दिसलेला नाही. सॉफ्टवेअर बंद पडलं तर सगळा डेटा एन-ट्रिपल्ससारख्या खुल्या रूपात बाहेर काढता येईल का? त्याबरोबर नोंदींचा इतिहासही येईल, की फक्त आजची स्थिती? आणि ते काम तुमचा माणूस करू शकेल, की कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागेल? शंभर वर्षं टिकायचं असलेल्या संस्थेने हे प्रश्न खरेदीच्या आधी लेखी विचारावेत आणि उत्तर तोंडी स्वीकारू नये. प्रात्यक्षिकाच्या दिवशीच म्हणावं, आमच्या हजार नोंदी घाला आणि आमच्यासमोर पुन्हा बाहेर काढून दाखवा.

मागच्या रांगेतून हात वर आलेला दिसतोय. विचारा.