अपडेट, कुरकुर आणि टीका

(व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल की या व्यासपीठावर कॉम्प्युटर कुठून आला. पण टीका काय फक्त पुस्तकावर आणि नाटकावरच करायची असते? जी वस्तू आपण रोज आठ-आठ तास वापरतो, तिच्याबद्दल आपण नीट बोलतो का, हाही टीकेचाच प्रश्न आहे.

२४ जून २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केलं आणि लगेच जगभरच्या वापरकर्त्यांनी बोलायला सुरुवात केली. त्या प्रतिक्रिया मी तेव्हा वाचल्या. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा पुन्हा वाचल्या. त्यात मला तीन सूर ऐकू आले.

पहिला सूर दिसण्याचा. स्टार्टचं बटण डावीकडून मध्ये सरकलं. टास्कबार बाजूला लावता येईना. सगळ्यात मोठा आवाज याच तक्रारींचा होता. यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘लोकांना बदलच नको असतो.’ मला हे उत्तर पटत नाही. पंधरा वर्षं ज्याचा हात एका जागी जातोय, त्याची ती जागा हलवायची असेल तर बदल्यात काय मिळणार ते त्याला सांगा की! ते न सांगता त्यालाच मागासलेला ठरवणं हा उद्धटपणा झाला.

दुसरा सूर पात्रतेचा, आणि हा जास्त खरा. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७च्या उत्तरार्धात. म्हणजे त्याआधी घेतलेलं, उत्तम चालणारं मशीन घोषणेच्या दिवशीच म्हातारं झालं. वर गंमत बघा. आपलं मशीन चालेल का हे तपासायला कंपनीने एक छोटा प्रोग्रॅम दिला. तो नुसतं ‘चालणार नाही’ म्हणायचा, का ते नीट सांगायचा नाही. लोक इतके चिडले की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. पुढे तो परत आला, तेव्हा कारणंही सांगू लागला. नेमकी तक्रार केली की असा फरक पडतो.

तिसरा सूर आपल्याकडे फार ऐकू येतो. ‘चालतंय ना? मग हात लावू नका.’

इथे मात्र मी वापरकर्त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. त्याचं कारण आपल्याच किनाऱ्यावर आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि आपल्या उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. समूहाला जगभरात मिळून ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. हा प्रोग्रॅम विंडोजच्या ज्या भोकातून पसरला, त्यातल्या एकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्येच दिली होती. म्हणजे ‘हात लावू नका’ची किंमत आपण घराशेजारी पाहिली आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. नॉटपेट्या शिरला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! आणि एकदा आत शिरल्यावर तो पासवर्ड चोरून दुरुस्ती केलेल्या मशीनवरही जात होता. म्हणजे अपडेट नाकारणारा फसला, आणि डोळे मिटून अपडेट घेणाराही फसला. म्हणून ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग मागायचं काय? कोकणात पावसाळ्याआधी आपण कौलं चाळून घेतो. फुटलेली काढायची, नवी घालायची. समजा कौलं चाळणारा म्हणाला, ‘चाळतो, पण आधी स्वयंपाकघर मागच्या पडवीत हलवा. आणि तुमच्या भिंती जुन्या आहेत, त्या पाडून नव्या बांधल्यात तरच शिडी लावतो.’ आपण काय म्हणू? अपडेटमध्ये नेमकं हेच होतं. दुरुस्ती, सजावट आणि नव्या खरेदीची सक्ती एकाच गाठोड्यात बांधून येते. माणूस सजावटीवर चिडून दुरुस्तीही नाकारतो. ही गाठ सोडा, अशी मागणी व्हायला हवी. माझ्या मते प्रतिक्रियांच्या सगळ्या गलक्यात ही मागणीच सगळ्यात कमी ऐकू आली.

आता आपला मराठी प्रश्न. पेणपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही डीटीपीवाल्याला अपडेटबद्दल विचारा. स्टार्ट बटण कुठे गेलं याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. तो विचारतो, ‘माझे फॉन्ट राहतील ना?’ लग्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं, सगळं जुन्या फॉन्टमध्ये आणि २००१ सालच्या पेजमेकर ७वर. त्याची भीती खरी आहे. पण इथे थोडं स्वतःलाही बोलू या. युनिकोड देवनागरी विंडोज २०००मध्येच आली होती. पंचवीस वर्षं झाली! तरी आपण जुन्या फॉन्टमध्येच लिहीत राहिलो. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो.

माझ्या मित्राच्या वडिलांनी गावाचा इतिहास असाच टाइप करून ठेवला होता. ते गेले. नव्या मशीनवर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. कन्व्हर्टरने बरंच परत आणलं, पण रफार आणि जोडाक्षरं ओळीओळीने हाताने लावावी लागली. यात दोष अपडेटचा किती आणि आपल्या आळसाचा किती, हे तुम्हीच ठरवा.

शेवटी एक सांगतो. विंडोज १०चा सपोर्ट संपताना कंपनीने घरगुती वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष सुरक्षा-दुरुस्ती देऊ केली. त्यासाठी ३० डॉलर भरा, नाहीतर सेटिंग्ज त्यांच्या खात्यात साठवा, किंवा त्यांचे रिवॉर्ड पॉइंट खर्च करा. त्या वर्षात नवी सजावट नाही, फक्त दुरुस्ती. म्हणजे गाठ सोडता येते, हे त्यांनीच दाखवून दिलं. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणला, तेव्हा तिथल्या लोकांना हे वर्ष पैसे न भरता आणि सेटिंग्ज साठवण्याची अट न घालता मिळालं. आपल्याकडेही ग्राहक चळवळीची जुनी परंपरा आहे. पण दुधात पाणी आहे म्हणून भांडणारे आपण, कॉम्प्युटरपुढे मात्र ‘आपल्याला त्यातलं काय कळतं’ म्हणून गप्प बसतो.

कळतं हो. काय बिघडलं, कोणी बिघडवलं आणि भुर्दंड कोणाला, एवढं विचारता आलं की कुरकुरीची टीका होते. पुढचं अपडेट येईल तेव्हा दुरुस्ती जरूर घ्या, जुनं लिखाण त्याआधीच युनिकोडमध्ये आणा, आणि बाकीच्याचा हिशेब मागा.