‘नेणे’ आणि ‘ठेवून घेणे’ : एका कलमाच्या क्रियापदांविषयी

कायद्याच्या भाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा नामांभोवती फिरते. अमुक इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द कोणता, तो सुबोध की संस्कृतप्रचुर, एवढ्यावरच वाद झडतात. गुन्ह्याची व्याख्या मात्र क्रियापदावर उभी असते. आरोपीने काय केले, हे सांगणारा शब्द तोकडा पडला तर नामांची सारी शुद्धी व्यर्थ होय. भारतीय न्याय संहिता, २०२३ हिचे १३७ वे कलम या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या या कलमाने १८६० च्या दंडसंहितेतील ३६१ व्या कलमाची जागा घेतली. जुन्या कलमात ‘अज्ञान’ व्यक्तीचा उल्लेख होता, आणि मुलासाठी सोळा व मुलीसाठी अठरा अशा दोन वयोमर्यादा होत्या. नव्या कलमात ‘बालक’ हा शब्द आला व अठरा ही एकच मर्यादा ठरली. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु मसुदाकारांची लेखणी नामापाशीच थांबली. कायदेशीर पालकाच्या संमतीवाचून बालकाला त्याच्या ताब्यातून ‘नेणे’ किंवा ‘भुलवून नेणे’ ही मूळची दोन क्रियापदे जशीच्या तशी राहिली.

दोन्ही क्रियापदे गतिवाचक आहेत. बालक एका स्थानावरून, निदान एका छत्राखालून, दुसरीकडे गेले पाहिजे. एरवी हा गुन्हा घडत नाही. या क्रियापदावर किती भार पडतो, हे एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात दिसून आले. १९६४ मध्ये दिलेला हा निर्णय न्या. ज. र. मुधोळकर यांनी लिहिला. मुलगी महाविद्यालयात शिकणारी, अठराच्या काठावरची. तिने स्वतःच दूरध्वनी करून आरोपीस बोलावले व ती त्याच्याबरोबर गेली. न्यायालयाने भेद केला तो ‘नेणे’ आणि ‘बरोबर येऊ देणे’ यांत; आणि आरोपी सुटला. मराठीच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. ‘नेले’ आणि ‘येऊ दिले’ यांत कर्तृत्व कुणाकडे आहे, हे ‘-ऊ देणे’ ही रचनाच सांगते. १९७२ च्या राजाराम खटल्यात पालकाच्या ‘ताब्या’चाही अर्थ लागला : मूल घरात बांधलेले असणे नव्हे, तर संरक्षण व देखरेख गरज पडेल तेव्हा उपलब्ध असणे. म्हणजे नामाचा अर्थ न्यायालयांनी उदार केला. क्रियापद मात्र चालतेच राहिले.

आता असे समजा की मूल कुणी नेलेच नाही. पालकानेच ते विश्वासाने सोपवले, आणि मुदत संपल्यावर समोरच्याने परत दिले नाही. याला मराठीत ‘ठेवून घेणे’ असा नेमका संयुक्त प्रयोग आहे. ‘ठेवणे’मध्ये स्थिती आहे, ‘घेणे’ जोडताच ती कर्त्याच्या स्वतःकडे वळते. १३७ व्या कलमात या क्रियेला जागा नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात आईबापांच्या आजारपणात आईकडील नातेवाइकांनी सांभाळलेली चिमुकली आईच्या मृत्यूनंतरही त्यांच्याचकडे राहिली. पित्याला ती परत मिळाली ती देहोपस्थितीच्या प्राधिलेखाने. त्या नातेवाइकांना गुन्हेगार म्हणावे, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. पण वात्सल्याऐवजी लोभाने मूल ठेवून घेणाऱ्याला हे कलम काय म्हणते, हा प्रश्न उरतोच.

यावर आक्षेप येईल की गैरपरिरोधाचे १२७ वे कलम आहेच. ते आहे, परंतु त्याची घडण स्वतःच्या इच्छेने हिंडणाऱ्या माणसासाठी आहे. ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने जाण्यास अडथळा, अशी त्याची कल्पना. पाळण्यातल्या मुलाला कोणती दिशा? खेळण्यांत रमलेल्या पाच वर्षांच्या मुलाला दाराची कडी लावावीच लागत नाही. १४२ वे कलम लपवण्याविषयी व कोंडण्याविषयी बोलते, पण आधी अपहरण झालेले असावे व ते ठाऊक असावे, ही त्याची अट. म्हणजे तेही पुन्हा ‘नेण्या’च्याच आधाराने उभे.

इंग्लंडच्या १९८४ च्या बाल-अपहरण कायद्याच्या दुसऱ्या कलमात मसुदाकारांनी ‘टेक’ शेजारी ‘डिटेन’ बसवले, आणि मुलाला आपल्यापाशी राहण्यास प्रवृत्त करणे हेही त्यात येते, असे स्पष्ट केले. १९९३ च्या लेदर खटल्यात तेथील अपील न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले : ‘नियंत्रणातून दूर करणे’ यात अंतर मोजावयाचे नसते. चोरीला गेलेली सायकल शोधण्याच्या मिषाने मुलांना आपल्याबरोबर फिरवणारा मनुष्य, बळ न वापरताही, दोषी ठरला. गंमत अशी की त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात, जे मुख्यतः आईबापांना लागू होते, ‘नेणे’ व ‘पाठवणे’ एवढेच होते. परिणामी, संमतीने परदेशी नेलेले मूल मुदतीनंतर तिथेच ठेवून घेणे त्या कलमात बसत नाही, असे २०१२ मध्ये ठरले. आणि २०१४ मध्ये तेथील विधी आयोगाला ही उणीव भरून काढण्याची शिफारस करावी लागली. एकाच कायद्यातली दोन शेजारची कलमे, पण एका शब्दाने केवढे अंतर पाडले!

आपल्याकडे आईबापांचा प्रश्न अधिक बिकट आहे. न्यायालयाचा मनाई आदेश नसताना पित्याने मूल आईकडून नेले तर ते अपहरण नव्हे, कारण तोही कायदेशीर पालकच, असे नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले. कलमाच्या शब्दांशी हे सुसंगत आहे. परंतु ही अडचण क्रियापदाची नसून ‘पालक’ या नामाची आहे, आणि ती वेगळ्या लेखाचा विषय होईल.

क्रियापद जोडावयाचे ठरले तर कोणते? ‘अडकवणे’, ‘डांबणे’ यांत बळाची छटा आहे, ती नको. ‘ठेवून घेणे’ नेमके आहे, पण फार ऐसपैस. नातवाला सुट्टीनंतर आणखी चार दिवस ठेवून घेणारी आजी त्यात सापडेल. इंग्लंडच्या कायद्याने ‘वाजवी सबबीवाचून’ ही अट घालून तिला वाचवले असते. मराठी मसुद्यात, पालकाने मागणी केल्यावरही वाजवी कारणावाचून परत न देणे, एवढी शब्दयोजना बहुधा पुरेशी व्हावी. तिथे क्रियापद नकारार्थी येते, आणि दंडविधानात नकारार्थी क्रियापद कितपत पेलते, हे संहितेतील कृतिलोपाच्या तरतुदींशी ताडून पाहावे लागेल.