दहा मेणबत्त्यांचा काळोख

गेल्या पावसाळ्यात कर्वेनगरात राहणाऱ्या एक माउली आमच्या भेटीस आल्या. मिस्सा आटोपली होती, लोक पांगले होते. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी मनातले सांगितले : “फादर, पोरगा शनिवारी मित्रांना जमवतो. खिडक्यांना चादरी लावून अंधार करतात, मेणबत्त्या पेटवतात, चिठ्ठ्या लिहून जाळतात आणि शेवटी म्हणे आपण सगळे मेलो. विचारलं तर म्हणतो, खेळ आहे. हा कसला खेळ?”

प्रश्न टाळण्याजोगा नव्हता आणि न पाहता उत्तर देण्याजोगाही नव्हता. आम्ही त्या मुलाची परवानगी मागितली. ती त्याने थोड्या संकोचाने दिली आणि एका शनिवारी रात्री त्या सदनिकेच्या कोपऱ्यात आम्ही भिंतीला टेकून बसलो. प्रस्तुत लेख हे त्या रात्रीचे परीक्षण आहे. नाटकाचे, पुस्तकाचे परीक्षण होते. मग ज्यात आपली मुले तीन-तीन तास रमतात त्या खेळाचे का होऊ नये?

प्रथम या खेळाची जात सांगितली पाहिजे. मुले त्याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, एकाने कथा पुढे न्यायची आणि अडचणीच्या क्षणी काय घडले ते फाशांनी ठरवायचे. आपल्या भातुकलीचाच हा थोरला भाऊ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ साली आला आणि तेथून हा प्रकार वाढला. १९८१ साली सँडी पीटर्सन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने त्यात भयकथा आणली. लव्हक्राफ्टच्या कथांवर आधारलेल्या त्या खेळात पात्राचे मानसिक संतुलनही गुणांनी मोजले जाते आणि भय पाहता पाहता ते घटत जाते.

या खेळांवर सैतानपूजेचा आरोप त्या दशकात अमेरिकेत फार झाला. तो सिद्ध झाला नाही. १९८४ साली जॅक चिक नावाच्या प्रचारकाने याविरुद्ध एक चित्रपुस्तिका काढली होती. याच गृहस्थांनी आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेविरुद्धही तितक्याच आवेशाने पुस्तिका काढल्या, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

कर्वेनगरात आम्ही पाहिला तो खेळ ‘टेन कँडल्स’. स्टीफन ड्यूई यांनी तो २०१५ साली सिद्ध केला. खोलीत दहा लहान मेणबत्त्यांखेरीज उजेड नसतो. आरंभी प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राचा अखेरचा निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवतो. पात्राचे गुणदोष, आशा कागदावर लिहिलेल्या असतात. फासे उलटले तर त्यातील एक कागद जाळून पुन्हा फासे टाकता येतात. प्रसंग हरला की एक मेणबत्ती विझते आणि हातातील फासेही एकाने कमी होतात. दहावी विझेपर्यंत सर्व पात्रे मरणार, हे सर्वांना पहिल्यापासून ठाऊक असते. मग गच्च काळोखात ते निरोप ऐकवले जातात. माउलींनी सांगितलेल्या चिठ्ठ्या त्या ह्या. त्यात मंत्र नव्हता, तंत्र नव्हते. स्टीलच्या पातेल्याशेजारी पाण्याने भरलेली बादली मात्र होती आणि ती पाहून आम्हांस हायसे वाटले.

आता वातावरणनिर्मितीकडे वळू. खेळाच्या संचालकाने, म्हणजे त्या माउलींच्या चिरंजीवाने, कथा पानशेतच्या पुरावर बेतली होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. त्या रात्रीच्या अंधाऱ्या शहरात एका वाड्याच्या माडीवर अडकलेली पाच माणसे, अशी ही कल्पित कथा. विषयाची निवड उत्तम. पुण्याच्या भीतीला परदेशी भुताची गरज नाही, एवढे या मुलाने ओळखले होते.

वस्तूंच्या बाबतीत मात्र त्याचा हात प्रथम चुकला. टेबलावर प्लॅस्टिकची कवटी होती. तिच्याकडे पाहून दोघे हसले आणि पुढे कोणी तिच्याकडे पाहिले नाही. पुरात वाड्यात अडकलेल्यांजवळ कवटी का असावी, याला कथेत उत्तर नव्हते. जी वस्तू ‘मी भीतिदायक आहे’ असे स्वतःच ओरडून सांगते, तिच्यापुढे पाहणाऱ्याच्या मनाला करण्यासारखे काही उरत नाही. भातुकलीत पान पोळी होते, कारण पोरीने मनाने तव्यावर ती भाजलेली असते. प्लॅस्टिकची पोळी दिली की खेळ थंडावतो.

दुसरी वस्तू होती एक पत्र. कागद चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून जुनाट केला होता. शाई मुद्दाम ओघळवली होती. ते पत्र मेणबत्तीशी धरून एकीने वाचावयास घेतले तेव्हा सर्वजण पुढे वाकले. पुरावा हाती आला की कल्पना चालू लागते. ‘कॉल ऑफ कथुलू’ खेळणाऱ्यांत अशी पत्रे, वृत्तपत्रांची कात्रणे वाटण्याची प्रथा मोठी आहे, ती याच कारणाने. परंतु पत्त्याखाली ‘पुणे ४११०५२’ असे लिहिले होते! पिनकोड भारतात १९७२ साली आला. मुलांच्या ते ध्यानात आले नाही, आमच्या आले आणि आमच्यापुरते १९६१ साल तेथेच संपले. भयकथेत खोटी वस्तू चालते, पण तिच्यात एक चुकीचा तपशील चालत नाही.

आपल्याकडच्या जाणत्यांनी हे फार पूर्वी ओळखले आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत भय बहुधा साध्या मध्यमवर्गीय घरात, रोजच्या माणसांत उभे राहते. नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेचा आधार घेऊन राही अनिल बर्वे यांनी २०१८ साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात हस्तरला भुलवण्याची वस्तू कोणती, तर पिठाची बाहुली. प्रत्येक स्वयंपाकघरात असणारे पीठ! भुकेलेला दैत्य आणि हावरा माणूस यांच्यामध्ये ते पीठ आहे, म्हणून आपण त्याच्याकडे श्वास रोखून पाहतो. ती बाहुली काढून घेतली तर कथाच उरणार नाही. हीच आमची कसोटी : जी वस्तू काढून घेतल्यावर कथेचे काही बिघडत नाही, ती मुळात आणूच नये.

‘टेन कँडल्स’ या कसोटीला पुरेपूर उतरतो. २००५ सालचा ‘ड्रेड’ नावाचा दुसरा एक खेळ आहे. त्यात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांच्या उंच मनोऱ्यातून दर कठीण प्रसंगी एक ठोकळा काढायचा आणि मनोरा कोसळला की त्या खेळाडूचे पात्र गेले. तेथे मनोरा आणि येथे मेणबत्ती ही सजावट नव्हे, तो नियम आहे. मेणबत्ती चुकून विझली तरी पुन्हा पेटवायची नाही, प्रसंग तेथेच संपतो. त्या रात्री पाचव्या मेणबत्तीपाशी एकाला शिंक आली आणि ज्योत गेली. कोणी हसले नाही. त्यानंतर सर्वजण खरोखरीच हळू श्वास घेऊ लागले. हजार कवट्यांनी जे साधले नसते ते एका शिंकेने साधले, कारण आता प्रत्येकाजवळ गमावण्यासारखे काही होते.

संगीताचे तसे झाले नाही. संचालकाने मोबाइलवरून एका छोट्या स्पीकरवर भयपटांचे पार्श्वसंगीत लावले होते. व्हायोलिने किंचाळू लागली तेव्हा कथेतील माणसे शांतपणे तांदळाचे डबे मोजत होती. पुढे जिना कोसळला, तेव्हा संगीत मंद झाले होते. मुले संगीतावर आवाज चढवून बोलू लागली. आणि अचानक मध्येच जाहिरात! सगळी खोली हसली आणि संगीत बंद झाले.

यात दोष संगीताचा नव्हे. चित्रपटाच्या संगीतकाराला पुढच्या क्षणी काय घडणार ते माहीत असते. येथे ते फाशांना माहीत असते. ‘तुंबाड’चे पार्श्वसंगीत देणारे डॅनिश संगीतकार जेस्पर किड व्हिडिओ गेम्सच्या संगीतासाठी नावाजलेले आहेत. त्या खेळांत खेळाडूच्या चालीप्रमाणे संगीत बदलण्याची सोय यंत्रात करता येते. टेबलाभोवतीच्या खेळाला तसे यंत्र नाही. त्याला दुसरा मार्ग हवा आणि तो आमच्या कोकणात आहे. दशावतारात लिखित संहिता नसते, नट संवाद तिथल्या तिथे रचतात. म्हणून पेटी, मृदंग आणि झांज वाजवणारे नटाच्या तोंडाकडे पाहत बसतात आणि तो थांबला की थांबतात. जेथे शब्द आयत्या वेळचे, तेथे वाद्यही आयत्या वेळचे हवे. ते जमत नसेल तर शांतता बरी.

ती शांतता त्या रात्री लाभली आणि खेळ चढला. पंखा बंद होता. खाली इमारतीच्या रखवालदाराची काठी फरशीवर टकटक वाजली. संचालकाने क्षणभर कान दिला आणि हलकेच म्हणाला, “माडीच्या खाली कुणीतरी चालतंय.” आमच्या अंगावर काटा आला, हे कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

तथापि पुराच्या कथेत पाण्याचा आवाज कोठेच कसा नाही, याचे आम्हांस नवल वाटत होते. खेळ संपल्यावर विचारले, तेव्हा उलगडा झाला. त्यांच्यातील एका मुलीच्या घरात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराचे पाणी शिरले होते. खेळाआधी संचालकाने प्रत्येकाला विचारले होते, ‘कथेत काय नको?’ ती म्हणाली होती, ‘पूर चालेल, पण पाण्याचा आवाज नको आणि अंगाला पाणी लागल्याचं वर्णन नको.’ त्याने तयार केलेल्या पाण्याच्या ध्वनिफिती बाजूला ठेवल्या. पाणी किती चढले हे तो फक्त जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगत होता. अकरा राहिल्या. नऊ राहिल्या. सहा. आम्ही ऐकलेल्यांत सर्वांत भयंकर काही असेल तर ते हे आकडे होते. त्या मुलीसाठी घातलेल्या बंधनातूनच कथेची सर्वोत्तम कल्पना निपजली.

येथे आम्हांस आमचा स्वतःचा एक अपराध आठवला. दीक्षा होऊन फार वर्षे झाली नव्हती. एका धर्मग्रामात शुभ शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या वेळी भाविकांच्या मनाला भिडावे म्हणून आम्ही खिळे ठोकल्याचा आवाज टेपवर मुद्रित करून अकराव्या स्थानी मोठ्याने लावला. परिणाम आम्हांस हवा तसा झाला, असे क्षणभर वाटले. मग मागच्या बाकावरून एक बाई ओरडत बाहेर धावल्या. त्यांचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी इमारतीच्या बांधकामावर वारला होता. आम्ही कोणालाही विचारले नव्हते. विचारावे असे सुचलेही नव्हते. वातावरण आपण निर्माण करतो, असे कलावंत समजतो. वास्तविक आपण ऐकणाऱ्याच्या आठवणींतून ते उसने घेत असतो आणि कोणाच्या आठवणीत काय आहे हे आपल्याला दिसत नाही. विशीतल्या त्या मुलाला हे कळले होते. आम्हांस मात्र सेमिनरीतील इतक्या वर्षांच्या शिक्षणानंतरही ते कळले नव्हते.

शेवटाविषयी मात्र आमचा मतभेद आहे. दहावी मेणबत्ती विझली, निरोप ऐकवले गेले. एकाने आपल्या पात्राच्या आईला दार उघडे ठेवावयास सांगितले होते. ते काळोखात ऐकताना घशात दाटून आले. नंतर तसाच काळोख राहिला. जुन्या उपासनेत पवित्र आठवड्यात ‘तेनेब्रे’ नावाचा विधी असे. त्रिकोणी दीपवृक्षावर पंधरा मेणबत्त्या, एकेका स्तोत्रानंतर एकेक विझवायची. पंधरावी मात्र विझवत नसत. ती वेदीमागे लपवीत, अंधारात बाके बडवून मोठा आवाज करीत आणि मग ती जळती मेणबत्ती पुन्हा बाहेर आणीत. भय तेथेही होते, पण परतीची वाट राखलेली होती.

कोणी म्हणेल, खेळ म्हणजे उपासना नव्हे. शोकांतिकेने काळोखातच संपावे. कथेपुरते आम्हांस हे मान्य आहे. परंतु कथा संपली तरी माणसे बसलेली असतात. त्या रात्री पाण्याचा आवाज नको म्हणणारी मुलगीच शेवटी उठली. तिने ट्यूबलाइट लावली, चहा टाकला आणि मग सर्वजण एकदम बोलू लागले. हे तिने आपणहून केले. ते संचालकाने आधीच ठरवावयास हवे होते. ज्याने दिवे घालवले, दिवे लावण्याचे काम त्याचेच.

आमचा निर्णय असा : खेळ चांगला आहे, लहान मुलांसाठी नाही. कवटी टाकून द्यावी, पत्र पुन्हा लिहावे, स्पीकर कपाटात ठेवावा. आधी विचारण्याची चाल मात्र मुळीच सोडू नये.

पुढच्या रविवारी त्या माउली भेटल्या. “मग फादर, बंद करायला सांगू का?” त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, “तुम्हीच एकदा जाऊन बसा. त्यांना एक खेळाडू कमी पडतोय.” त्या हसल्या, जातील असे वाटत नाही. परंतु पाण्याची बादली दर शनिवारी आपण स्वतः भरून ठेवतो, असे त्यांनी जाता जाता सांगितले.